मंडकळ्ळीची धावपट्टी

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातून दक्षिणेकडे नंजनगूडच्या रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर मंडकळ्ळी नावाचे गाव येते. तेथील विमानतळ म्हैसूर संस्थानाने 1940 साली बांधला. त्याच वर्षाच्या ऑगस्टात नाल्वडी कृष्णराज वडेयर निवर्तले आणि जयचामराजेंद्र गादीवर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी संस्थानाच्या भागीदारीत बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. विमानाचे आकर्षण त्या काळी संस्थानिकांना किती होते, हे कोल्हापूरकरांना निराळे सांगावयास नको. राजाराम महाराजांनी उभारलेला तेथील विमानतळही याच सुमाराचा.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. विमानांचा कारखाना गेला बंगळुरास, म्हैसुरास नव्हे. राजवाडा, दसरा आणि गादी म्हैसुरास, तर कचेऱ्या बंगळुरास, अशी या राज्याची विभागणी 1831 मध्ये इंग्रजांनी कारभार हाती घेतला तेव्हापासूनची. 1881 साली राज्य वडेयरांना परत मिळाले, तरी कचेऱ्या काही परतल्या नाहीत. ज्याला सरकारदरबारी काम, तो बंगळुरास उतरणार; आणि तेथून म्हैसूर अवघे 140 किलोमीटर. आगगाडी तर एकोणिसाव्या शतकातच आलेली. मग मंडकळ्ळीस उतरावयाचे कोणी?

जगाच्या दुसऱ्या टोकाला ग्रीनलंडची राजधानी नूक आहे. वस्ती जेमतेम वीस हजारांची. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तेथे 1979 साली जी धावपट्टी झाली तिची लांबी सुमारे 950 मीटर, म्हणजे मंडकळ्ळीच्या आजच्या 1,740 मीटरांच्या निम्म्याहून थोडी अधिक. त्याआधी लोक हेलिकॉप्टरने वा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने येत. मोठी विमाने दूर कांगरलुसुआकला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेल्या तळावर उतरत, आणि तेथून लहान विमानाने पुढे जावे लागे. तरीही ती आखूड पट्टी ओस पडली नाही. कारण उघड आहे: ग्रीनलंडमध्ये एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारा रस्ताच नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये तेथे 2,200 मीटरांची नवी धावपट्टी खुली झाली.

मंडकळ्ळीचे दैव नेमके उलटे. तिच्याजवळ जागा होती, पण शेजारी चांगला रस्ता होता. काही काळ वायुदूतची छोटी विमाने आली, आणि गेली. पुढे दुरुस्ती होऊन मे 2010 मध्ये विमानतळाचे पुन्हा उद्घाटन झाले. ऑक्टोबरात किंगफिशरची सेवा सुरू झाली. वर्षभरानंतर, ती कंपनीच डबघाईस आल्यावर, थांबली. 2013 मध्ये दुसरी कंपनी आली आणि तीही टिकली नाही. यांपैकी पहिल्या सेवा बंगळुराच्या होत्या, हे विशेष. तेथील नवा विमानतळ शहराच्या पार उत्तरेस, म्हैसूरच्या विरुद्ध अंगाला. त्यामुळे विमानाला थोडाफार अर्थ होता. पण एवढ्या अंतरासाठी तिकीट काढणारे किती निघणार? 2017 मध्ये उडान योजनेखाली चेन्नईचे विमान सुरू झाले आणि पुढे हैदराबाद, कोची, गोवा ही नावे फलकावर आली, तेव्हा कोठे या धावपट्टीला रस्त्याशी स्पर्धा न करणारे काम मिळाले.

मोठी जेट विमाने उतरावीत म्हणून पट्टी लांबविण्याचा विचार बरीच वर्षे चालला. तेथे आडवा आला तो पुन्हा नंजनगूडचा रस्ताच, आणि त्याच्या सोबतीने जाणारा 1891 सालचा लोहमार्ग. रस्ता जमिनीखालून न्यावा आणि विमानांनी त्याच्यावरून धावावे, अशी एक योजना त्यासाठी पुढे आली.