एरेबसवरील विमानसहल

डोळ्यांनीं पाहिलें तेवढें खरें, असें आपण सहज म्हणून जातों. आज ज्या सहलीची हकीकत मी सांगणार आहें, तिचा सारा हेतु पाहणें हाच होता; आणि शेवटीं दगा दिला तो पाहण्यानेंच.

दक्षिण ध्रुवाभोंवतालच्या अंटार्क्टिका खंडांत १८४१ सालीं जेम्स क्लार्क रॉस या इंग्रज नाविकानें बर्फांतून धूर ओकणारा एक पर्वत पाहिला आणि आपल्या गलबताचें 'एरेबस' हें नांव त्यास दिलें. ग्रीक पुराणांत एरेबस म्हणजे आदिम अंधकार. याच पर्वताच्या पायथ्याशीं स्कॉट व शॅकल्टन यांच्या लांकडी झोंपड्या आजहि उभ्या आहेत. ज्या प्रदेशापायीं स्कॉटनें प्राण वेंचले, तो १९७७ सालापासून न्यूझीलंडच्या नागरिकांस विमानाच्या खिडकींतून एका दिवसांत दिसूं लागला. सकाळीं ऑकलंडहून निघावें, हिमप्रदेशावर घिरट्या घालाव्या आणि तेथील भूमीला न शिवतां रात्रीपर्यंत घरीं परतावें, अशी ही सहल. माहिती सांगावयास एखादा अनुभवी साहसी पुरुष बरोबर असे. एव्हरेस्टविजेते एडमंड हिलरी यांनींहि तें काम केलें होतें.

२८ नोव्हेंबर १९७९ रोजीं एअर न्यूझीलंडचें डीसी-१० विमान २३७ प्रवासी व २० कर्मचारी घेऊन निघालें. हिलरींचे स्नेही, गिर्यारोहक पीटर मलग्रू, या वेळीं निवेदक होते. मुख्य वैमानिक जिम कॉलिन्स कसलेले होते. पण अंटार्क्टिकावर ते पूर्वीं कधीं गेले नव्हते. एकोणीस दिवस आधीं त्यांना जो मार्ग समजावून देण्यांत आला, तो मॅकमर्डो सामुद्रधुनीच्या सपाट बर्फावरून जात होता. आदल्या रात्रीं घरीं नकाशे पसरून त्यांनीं तोच आंखला. वस्तुतः हा मार्ग म्हणजे आंकडे उतरवितांना पूर्वीं झालेली एक चूक होती. ती लहानशी आहे अशा समजुतीनें कंपनीच्या कचेरींत त्याच रात्रीं उशिरां दुरुस्त करण्यांत आली. प्रत्यक्षांत मार्गाचा शेवट २७ सागरी मैल पूर्वेस सरकला आणि विमानाची वाट थेट एरेबसवरून पडली. चूक होती तींत पर्वत टळत होता. दुरुस्ती झाली तींत तो आड आला. आणि हें वैमानिकांना कोणींच सांगितलें नाहीं.

दुपारीं विमान ढगांखालीं उतरलें. नियमांतील उंचीपेक्षां तें खालीं होतें. परंतु पूर्वींच्या सहलींतहि तें असेंच खालीं आणीत. समोर पाणी आणि दोहों बाजूंस काळे कडे दिसले. सामुद्रधुनीचें मुख असेंच दिसावयाचें. पण तो होता लुइस उपसागर. वर ढगांचें एकसारखें छत आणि खालीं अखंड बर्फ असलें म्हणजे उजेड दोहोंमध्यें खेळत राहतो. सावली पडत नाहीं, क्षितिज उरत नाहीं, आणि समोरचा चढ दूरवर पसरलेल्या सपाटीसारखा भासतो. हवा निर्मळ, दृष्टि शाबूत, आणि तरीहि पर्वत दिसत नाहीं! धोक्याची सूचना देणारें यंत्र वाजलें, तें आदळण्यापूर्वीं जेमतेम सहा सेकंद. २५७ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. पुढें प्रवाशांच्या कॅमेऱ्यांतील फिती धुतल्या, तेव्हां त्यांत पाणी आणि किनारे स्वच्छ दिसत होते.

१९८० च्या शासकीय अहवालानें मुख्य दोष वैमानिकांच्या निर्णयास दिला. मृतांना उत्तर देतां येत नाहीं. न्यायमूर्ति पीटर माहोन यांच्या चौकशी आयोगानें १९८१ सालीं मात्र न कळवितां बदललेला मार्ग हेंच मूळ कारण ठरविलें. अधिकाऱ्यांनीं संगनमतानें सत्य दडविलें, असाहि ठपका त्यांनीं ठेवला. पण त्या अधिकाऱ्यांस आपली बाजू मांडण्याची योग्य संधि मिळाली नाहीं, म्हणून वरिष्ठ न्यायालयांत तो टिकला नाहीं, आणि माहोन यांनीं न्यायासन सोडलें. २८ नोव्हेंबर २०१९ रोजीं, बरोबर चाळीस वर्षांनीं, पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनीं शासनाच्या वतीनें मृतांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली.

कॉलिन्स यांचे डोळे अधू नव्हते. डोळा जें पाहतो, तें मनांतल्या नकाशावर बसवून पाहतो. आणि त्यांच्या मनांतला नकाशा आदल्या दिवसाचा होता. मार्ग बदलला आहे, एवढें एक वाक्य त्या सकाळीं कोणीं तरी बोलावयास हवें होतें. विमानाचे अवशेष आजहि एरेबसच्या उतारावर बर्फांत पडून आहेत.