दोन पिल्लांचा हिशोब

आम्ही गोव्यातले मराठी हिंदू. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे गोठा बघायला जायचोच. पण देवाचा जन्म गोठ्यात का, ते निवृत्तीनंतर लूकचं शुभवर्तमान वाचताना कळलं.

उतारशाळेत जागा नाही म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं. पहिली बातमी मिळाली ती मेंढपाळांना. बँकेत जन्म गेलेला मी, माझी नजर मात्र पुढच्या नोंदीवर अडली. बाळंतपणानंतर आईने मंदिरात कोकरू द्यायचं. ऐपत नसेल तर होल्यांची जोडी किंवा कबुतराची दोन पिल्लं, असा मोशेचा नियम. योसेफ-मरियेच्या नावावर पक्षीच आहेत. घरची सगळी सांपत्तिक स्थिती त्या एका ओळीत आली!

पुढे या सुताराच्या मुलाने पहिले शिष्य निवडले तेही गालीलचे मासेमार. १२२३ साली इटलीत ग्रेच्चोला संत फ्रान्सिसने बैल, गाढव आणून गोठा मांडला, तो बाळाचे हाल डोळ्यांनी दिसावेत म्हणून.

आपण मात्र घराण्याचा इतिहास लिहिताना इनामं, वाडे लिहितो. पणजोबा दुकानात पुड्या बांधायचे, पणजी दुसऱ्यांकडे स्वयंपाक करायची, हे गाळतो. ख्रिस्ती लोकांनी गरिबी गाळली नाही, दरवर्षी दारात मांडली. आपणही नातवंडांना खरं ते सांगूया.