नाटकासाठी काय पण!

मंडळी, मराठी नाटक बघायला आम्ही चार मित्र दुबईहून गाडीने मस्कतला गेलो. हत्ताची सीमा ओलांडून जवळपास साडेचारशे किलोमीटर, येऊन-जाऊन तीन दिवस! घरचे म्हणाले, "वेड लागलंय."

पण हे वेड जुनंच. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले धैर्यधर, 'गंधर्व'चे बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर! बाहेरगावाहूनही रसिक लोटले.

"पुन्हा कधीतरी बघू" म्हणणारेही असतीलच. ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं ३१.

दुबईला परतताना गाडीत हाच विषय होता. म्हणून सांगतो, प्रयोग लागला की निघा. किलोमीटर मोजत बसू नका.