चार विरुद्ध तीन: बोर्निओच्या बेटावरचा शेवटचा डाव



आपल्यापैकी बऱ्याच घरांत हे चित्र ओळखीचं असेल. आजी-आजोबा भारतातून आले की एका खोलीत ‘बिग बॉस मराठी’ सुरू असतं, आणि दुसरीकडे मुलं ‘सर्वायव्हर’ लावून बसलेली असतात. दोन्हीकडे कुजबुज तीच: कोण कोणाच्या बाजूने आहे, कोण फितूर झाला, आज कोण घरी जाणार. मुलं विचारतात, “ज्याने सगळ्यांना फसवलं तोच कसा जिंकला?” आणि आपल्याला पटकन उत्तर सुचत नाही. आज त्या उत्तराचाच शोध घेऊ. त्यासाठी पंचवीस वर्षं मागे, बोर्निओजवळच्या एका लहानशा बेटावर जावं लागेल.

बेटाचं नाव पुलाऊ तिगा. मलेशियाच्या साबा राज्याच्या किनाऱ्याजवळचं. २००० सालच्या मार्च-एप्रिल महिन्यांत तिथे सोळा अमेरिकन माणसं ३९ दिवस राहिली. कल्पना मूळची अमेरिकन नव्हे. चार्ली पार्सन्स या ब्रिटिश निर्मात्याच्या डोक्यातून ती निघाली आणि १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ‘एक्सपेडिशन रॉबिन्सन’ या नावाने प्रथम पडद्यावर आली. अमेरिकेत मार्क बर्नेटने ती आणली, आणि ३१ मे २००० रोजी सीबीएस वाहिनीवर पहिला भाग दिसला. बक्षीस दहा लाख डॉलर.

नियम साधे होते. आठ-आठ जणांच्या दोन टोळ्या, टागी आणि पागाँग. स्पर्धा हरलेल्या टोळीने मतदान करून आपल्यातल्याच एकाला घरी पाठवायचं. दहाजण उरले की टोळ्या एक होणार. त्यानंतर स्पर्धा जिंकणाऱ्याला इम्युनिटी, म्हणजे त्या रात्रीपुरतं अभय. शेवटी दोघं उरतील. आणि त्या दोघांतला विजेता कोण ठरवणार? आधी बाहेर काढलेले शेवटचे सात जण, म्हणजे ज्युरी.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. ज्यांना तुम्ही हाकललंत, त्यांच्याकडेच शेवटी हात पसरायचा आहे.

पागाँगच्या मंडळींना वाटत होतं की मत द्यायचं ते प्रामाणिकपणे. जो कामाचा नाही किंवा जो पटत नाही, त्याच्या नावावर. आपसात ठरवून मत देणं त्यांना गैर वाटे. टागीत मात्र रिचर्ड हॅच नावाच्या माणसाने सुरुवातीलाच वेगळा हिशेब मांडला. त्याचा पेशा कंपन्यांमधल्या लोकांना प्रशिक्षण देण्याचा. त्याने तिघांना हाताशी धरलं: नौदलाच्या सील पथकातून निवृत्त झालेले ७२ वर्षांचे रूडी बोश, विस्कॉन्सिनची ट्रकचालक सू हॉक, आणि नदीतल्या राफ्टिंगची गाइड केली विगल्सवर्थ. आपण चौघं मत एकत्र देऊ, एवढंच ठरलं. निवडणुकीच्या बातम्यांमुळे आपल्याला नको इतका परिचित झालेला शब्द वापरायचा तर ही ‘युती’ होती. आज या खेळात युती नसेल तर नवल वाटतं. त्या वेळी अमेरिकेतल्या कित्येक प्रेक्षकांना ती चक्क लबाडी वाटली होती.

दोन्ही टोळ्या एक झाल्या तेव्हा पाचास पाच अशी बरोबरी होती. पहिल्याच मतदानात ग्रेचेन कॉर्डी बाहेर गेली. ही बाई हवाई दलात बिकट परिस्थितीत तगून राहण्याचं शिक्षण देत असे. बेटावर राहायला तिच्याइतकं लायक कोणी नव्हतं. तिला किती मतं पडली? फक्त चार. बाकीची मतं सहा वेगवेगळ्या दिशांना गेली. चार माणसं एका विचाराने आणि सहा माणसं सहा विचारांनी, म्हणजे चार जिंकणार. बहुमताचं गणित इतकं कोरडं असतं.

त्यानंतर पागाँगचे लोक एकेक करून गेले. टागीतला डॉक्टर शॉन केनिफ युतीत नव्हता. कोणाला दुखवायला नको म्हणून तो इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने मत देऊ लागला. त्याला वाटलं आपण तटस्थ आहोत. पण तुमचं पुढचं मत कोणाला जाणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असेल, तर ते मत तुमचं राहतच नाही. जेनाचं अक्षर आलं तेव्हा युतीने आपली मतं त्याच नावावर टाकली, आणि जेना घरी गेली. कोणाचीच बाजू न घेणाराही शेवटी कोणाच्या तरी कामी येतो. हे आपण मंडळांच्या बैठकांतही पाहिलेलं आहे, नाही का?

समोरचे संपले की युतीचे धागे आतून सुटू लागतात. केलीचं मन आधीपासूनच दोन्हीकडे ओढलं जात होतं. युतीत राहून पुढे सरकायचं होतं आणि पागाँगच्या तरुण मुलांची मैत्रीही हवी होती. सूला हे दिसत होतं, आणि ते जास्त लागत होतं, कारण बेटावर केली तिची मैत्रीण झाली होती. चौघं उरले तेव्हा मतं दोन-दोन अशी पडली: दोन रिचविरुद्ध, दोन सूविरुद्ध. पुन्हा मतदान झालं, केलीने मत फिरवलं आणि सू बाहेर गेली.

उरले तिघं: रिच, रूडी आणि केली. शेवटची स्पर्धा सहनशक्तीची होती. ओंडक्यावर उभं राहायचं आणि मधल्या मूर्तीवर एक हात ठेवायचा. हात सुटला की बाद. जो टिकेल तो एकट्याने ठरवणार, आपल्यासोबत अंतिम फेरीत कोणाला न्यायचं आणि कोणाला घरी धाडायचं.

काही तास झाले आणि रिचने आपणहून हात काढला. तो दमला म्हणून नव्हे. हिशेब करून.

तो हिशेब नीट बघा. सगळा डाव त्यातच आहे. समजा रिच जिंकला. तर त्याला रूडींना सोबत न्यावं लागेल किंवा केलीला. रूडी सगळ्यांना आवडायचे, त्यांच्यासमोर ज्युरीत टिकाव लागणं अवघड. मग केलीला न्यायचं? तसं केलं तर रूडींना दिलेला शब्द मोडला, आणि मोडलेल्या शब्दाचा राग घेऊन तेच रूडी ज्युरीत जाऊन बसणार. म्हणजे जिंकून दोन्हीकडून तोटा. आता समजा केली जिंकली. तिलाही रूडींचीच भीती, म्हणून ती रिचला निवडणार. रूडी बाहेर जातील खरे, पण केलीच्या हातून. रिचने दिलेला शब्द शाबूत राहील. आणि रूडीच जिंकले तर? ते शब्दाला जागणारे, रिचलाच सोबत नेतील. म्हणजे निदान अंतिम फेरी तरी पक्की.

रिच उतरला. बऱ्याच वेळाने उभं राहण्याची जागा बदलताना रूडींचा हात नकळत सुटला. केली जिंकली, तिने रूडींना घरी पाठवलं आणि रिचला सोबत घेतलं. अगदी हिशेबाप्रमाणे.

बुद्धिबळात शेवटाकडून मागे विचार करायला शिकवतात. शेवटची स्थिती आधी मनात आणायची आणि मग आताची चाल ठरवायची. रिचने तेच केलं. बाकीचे आजची स्पर्धा जिंकायला उभे होते, तो परवाचं मतदान बघत होता.

२३ ऑगस्ट २००० रोजी अंतिम भाग दाखवला गेला. अमेरिकेत सुमारे ५ कोटी १७ लाख लोकांनी तो पाहिला. ज्युरीत बसलेली सू उभी राहिली आणि तिने जे सुनावलं ते टीव्हीच्या इतिहासात गाजलं. तिने एकाला साप म्हटलं आणि दुसरीला उंदीर, आणि निसर्गनियमाप्रमाणे सापाने उंदराला खावं असं सांगून टाकलं. केली तहानेने तडफडत दिसली तरी आपण पाणी देणार नाही, इथवर तिची मजल गेली. तिचं मत रिचला गेलं. ते रिचवरच्या प्रेमापोटी नव्हतं, मैत्रिणीवरच्या रागापोटी होतं. ग्रेग ब्यूस याने दोघांना एक आकडा ओळखायला सांगितला, रिचचा अंदाज जवळचा ठरला. शॉनचं मत रिचला. जेना, जर्व्हेस आणि कॉलीन यांची मतं केलीला. आणि रूडींनी शब्द पाळून रिचला मत दिलं.

चार विरुद्ध तीन. एकच मत इकडचं तिकडे झालं असतं तर केली जिंकली असती. शेवटच्या स्पर्धेत रिच हट्टाने उभा राहिला असता, जिंकला असता आणि त्याने रूडींना बाहेर काढलं असतं, तर ते मत बहुधा तिकडे गेलंच असतं. दहा लाख डॉलर कोणत्या क्षणी हातात आले असं विचारलं, तर मी मूर्तीवरून हात काढण्याच्या त्या क्षणाकडे बोट दाखवेन.

मग मुलांच्या प्रश्नाचं उत्तर काय? कपट जिंकलं का? माझ्या मते नाही, निदान इतकं सरळ नाही. रिच डावपेच खेळतोय हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तोही ते लपवत नव्हता. केलीचे डाव त्याच्याहून मोठे नव्हते. पण तिने मैत्रीचा भरवसा दिला आणि मग मोडला. बाहेर गेलेल्या माणसाला आपण हरलो याचं दुःख असतं, पण आपल्याला गृहीत धरलं याचं दुःख त्याहून मोठं असतं. आणि ज्युरी म्हणजे त्याच दुखावलेल्या माणसांची पंगत.

पुढच्याच पर्वात, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात, याची दुसरी बाजू दिसली. टेक्ससचा कोल्बी डोनाल्डसन शेवटच्या स्पर्धा एकामागून एक जिंकत गेला. अखेरच्या निवडीत त्याच्यापुढे दोघं होते: फारसा लोकप्रिय नसलेला कीथ फेमी आणि सगळ्यांना आवडणारी नर्स टीना वेसन. कीथला नेलं असतं तर कोल्बी सहज जिंकला असता असंच बहुतेकांना वाटतं. त्याने टीनाला नेलं, कारण ती त्याची सोबतीण होती. चार विरुद्ध तीन, आणि टीना जिंकली. कोल्बीला दुसऱ्या क्रमांकाचे एक लाख मिळाले. तो चुकला का? खेळ म्हणून पाहाल तर हो. माणूस म्हणून पाहाल तर उत्तर ज्याचं त्याने द्यावं.

२००२ मध्ये मार्केसास बेटांवर आणखी एक धडा मिळाला. नऊ जण उरले होते आणि चौघांची पक्की युती सत्तेवर होती. पास्कल इंग्लिश आणि नेलेह डेनिस हे दोघं त्यांच्यासोबत होते आणि आपण सुरक्षित आहोत असं समजत होते. एका स्पर्धेत बरोबर उत्तर देणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा तरी दोर तोडून त्याला बाद करायचं होतं. चौघांनी कोणाचे दोर आधी तोडले, कोणाचे नंतर, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पास्कल आणि नेलेहला कळलं की पंगतीत आपलं पान शेवटचं आहे. दोघं फिरले, बाकीच्या तिघांना मिळाले, पाच विरुद्ध चार झाले आणि सत्ता उलटली. शेवटी व्हेसेपिया टॉवरी जिंकली, पुन्हा चार विरुद्ध तीन. युती बाहेरच्या शत्रूमुळे क्वचितच फुटते. आपण यांच्यात शेवटच्या रांगेत आहोत हे आतल्या माणसाला कळलं की फुटते.

आता आजीच्या खोलीत परत येऊ. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’चं रूप म्हणजे आपला ‘बिग बॉस’. मराठीत तो २०१८ मध्ये आला. तिथे घरातले लोक नॉमिनेट करतात, पण बाहेर काढतो आणि जिंकवतो तो प्रेक्षक. म्हणून तिथला शेवटचा डाव वेगळा. घरात एकटा पडलेला माणूसही लोकांच्या मनात बसला तर ट्रॉफी उचलतो. गंमत म्हणजे अमेरिकेतला ‘बिग ब्रदर’ही पहिल्या वर्षी प्रेक्षकांच्या मतांवर चालला. २००१ पासून मात्र तिथे घरातलेच एकमेकांना काढू लागले आणि विजेताही बाहेर गेलेलेच निवडू लागले. खेळ तोच, पण निवाडा करणारा बदलला की शहाणपणाची व्याख्याही बदलते.

‘सर्वायव्हर’नेही नंतर शेवट पुन्हा पुन्हा बदलला. २००६ पासून बऱ्याचदा तिघं ज्युरीसमोर येऊ लागले. २०१७ मध्ये चौघांतल्या दोघांनी आग पेटवून जागा मिळवायची असा नियम आला, म्हणजे लोकप्रिय खेळाडूला शेवटच्या मतदानात गुपचूप कापता येऊ नये. पण बाहेर गेलेल्यांनीच विजेता निवडायचा, हा नियम कायम आहे.

रिचर्ड हॅचचं पुढे काय झालं? त्याच बक्षिसावरचा कर चुकवल्याच्या खटल्यात २००६ मध्ये त्याला ५१ महिन्यांची शिक्षा झाली. बेटावरचा हिशेब चोख होता, घरचा चुकला. रूडी बोश २०१९ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी गेले. त्यांची आठवण काढताना लोक त्यांच्या फटकळ बोलण्याबद्दल बोलतात, आणि दिलेला शब्द पाळण्याबद्दल.

पुढच्या वेळी मुलं तो प्रश्न विचारतील तेव्हा टीव्ही क्षणभर थांबवा आणि उलट विचारा, “आज जो घरी गेला, तो शेवटी यांच्यातल्या कोणाला मत देईल?” मुलं बरोबर सांगतात, असा माझा अनुभव आहे. घरी जाणाऱ्याचा चेहरा त्यांनी आपल्याहून नीट पाहिलेला असतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.