मतांची नोंद

आपद्ग्रस्तांस केंद्र सरकारने हात द्यावा काय, हा वाद अमेरिकेत जुना आहे. १८८७ साली टेक्सासच्या दुष्काळी शेतकऱ्यांना बियाण्यासाठी १०,००० डॉलर देणारे विधेयक, राज्यघटनेत अशा खर्चाला आधार नाही म्हणून अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी नाकारले.

त्याच टेक्सासचे सेनेटर टेड क्रूझ यांची दोन मते आम्ही पुढे ठेवतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सी व न्यूयॉर्कचा किनारा उद्ध्वस्त केला. जानेवारी २०१३ मध्ये सुमारे ५,००० कोटी डॉलरांच्या मदतीविरुद्ध क्रूझ यांनी मत दिले. वादळाशी संबंध नसलेला खर्च त्यात घुसडला आहे, हा त्यांचा आक्षेप. तो तत्त्वाचा होता, असे आम्ही धरून चालू. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडाले. सप्टेंबरात मदतीचे जे विधेयक आले, त्यात सरकारची कर्जमर्यादा काही काळ स्थगित करण्याचे कलमही होते. वादळाशी त्याचा संबंध तो काय? तरी क्रूझ यांचे मत अनुकूल पडले.

टेक्सासला मदत मिळाली, हे योग्यच झाले. परंतु परक्याच्या पुरात तत्त्व सांगणे सोपे असते. पाणी आपल्या उंबऱ्याला लागले म्हणजे त्याची खरी पारख होते. म्हणून प्रतिनिधीचे मोल ठरविताना भाषणांआधी मतांची नोंद चाळावी, असे आम्हांस वाटते.