मशेरी, दात आणि सांगण्याचं कर्तव्य

आपला मढचा कोळीवाडा असो की घाटावरचं गाव, तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दाताला लावायची, ही रीत जुनीच. मशेरीनं दात साफ होतात, दुखणं थांबतं, असा समज. खरं तर दात बरा होत नाही, सवय मात्र लागते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. अहवाल १९७२ साली निघाला. तोंडातले चट्टे आणि कॅन्सर यांचा तंबाखूशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. पण चट्टा दिसल्यावर नुसतं लिहून घ्यायचं, की बाईला सांगायचंही? पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमध्ये ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना तपासणीबरोबर सवय सोडायचा सल्लाही दिला गेला. केरळात नवे पांढरे चट्टे कमी झालेले दिसले. सांगण्याचा उपयोग होतो, तो असा.

१९९२ साली सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली. पण घरच्या तव्यापर्यंत हा कायदा पोचत नाही. तिथे दात तपासणाऱ्याची नीतीच कामाला येते. दिसलं ते खरं सांगावं, आधी त्या बाईलाच सांगावं, सासूला किंवा नवऱ्याला नाही. आणि रागावू नये, कारण रागावलं की बाई मशेरी लपवते, सोडत नाही.

गटाच्या बैठकीत आपणही एकमेकींशी असंच बोलूया.