ठिणगीचे घराणे

जपानात पंचवीस-तीस वर्षे भाजी, खत आणि मासळी वाहिलेली एखादी छोटी मालमोटार जहाजातून अमेरिकेत उतरते, तिथल्या एखाद्या शेतावर राबू लागते, आणि एके दिवशी दहा-पंधरा मैल धावल्यावर मिसिंग मारून बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी राहिली म्हणजे मात्र काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. अशा वेळी जाणता मेकॅनिक ज्यांच्यावर संशय घेतो त्यांत मुठीत मावेल एवढी एक काळी डबी असते. तिला तो कॉईल म्हणतो. या डबीचे घराणे खुद्द मोटारीपेक्षा जुने आहे.

आयर्लंडमधील मेनूथच्या धर्मविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे निकोलस कॅलन नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांनी 1836 साली लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळून असे दाखवून दिले की, एका वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला असता दुसऱ्यात प्रचंड दाबाची वीज उत्पन्न होते. पॅरिसमध्ये हाइनरिख रूमकॉर्फ या कारागिराने हे यंत्र इतके परिपूर्ण केले की 1864 साली त्याला तिसऱ्या नेपोलियनच्या दरबाराकडून 50,000 फ्रँकांचे पारितोषिक मिळाले. तत्पूर्वीच, 1860 साली, लन्वार या संशोधकाच्या गॅस-इंजिनात हीच कॉईल ठिणगी पाडू लागली होती. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत चार सिलिंडरांसाठी लाकडी पेट्यांतल्या चार कॉईली गुणगुणत असत. परंतु चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने एक कॉईल, प्रवाह तोडणारा एक पॉइंट आणि ठिणगी सिलिंडरांत वाटणारा एक डिस्ट्रिब्युटर यांची जी जुळणी 1910 च्या कॅडिलॅकसाठी सिद्ध केली, तीच पुढे जगाचा शिरस्ता बनली. जाड तारेचे काहीशे वेढे, केसासारख्या तारेचे हजारो वेढे, आणि बॅटरीच्या बारा व्होल्टांतून वीस हजारांहून अधिक व्होल्टांची ठिणगी: एवढ्या साध्या रचनेने इतकी दीर्घ चाकरी केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

ज्या मालमोटारींत ही कॉईल आज तपासली जाते, त्या कायद्याच्या मोजपट्टीतून जन्मल्या. युद्धाने खचलेल्या जपानने 1949 साली हलक्या वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग ठरविला. इंजिनाची मर्यादा 1955 पासून 360, 1976 पासून 550 आणि 1990 पासून 660 घनसेंटिमीटर अशी वाढत गेली, पण माल मात्र 350 किलोंपर्यंतच. सुझुकीची कॅरी, दाइहात्सूची हायजेट, सुबारूची सांबार आणि होंडाची ॲक्टी ही त्या वर्गाची ठळक नावे. लांबीचा एकेक सेंटिमीटर हौद्यासाठी राखायचा, म्हणून इंजिन कधी सीटखाली तर कधी हौद्याखाली ढकलले गेले, आणि कॉईलच्या वाट्याला उष्णता, चिखल व दमट हवा आली. आपल्याकडे 1984 साली आलेली आणि पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेलेली मारुती व्हॅन ही याच कॅरीच्या घराण्यातली; पुढची सीट उचलून इंजिनात हात घालणारा आपला मेकॅनिक त्या रचनेशी पुरता परिचित आहे.

अमेरिकेच्या कायद्याने पंचवीस वर्षे पुरी झालेल्या वाहनाला सुरक्षा-नियमांतून सूट दिली, त्यामुळे या गाड्यांचा ओघ तिकडे वळला. कोंबड्यांच्या आयातीवरून युरोपशी झालेल्या तंट्यात 1963 च्या डिसेंबरात फर्मावलेली पंचवीस टक्के जकात त्यांच्यावरही बसते, आणि काही राज्ये त्यांची नोंदणीही नाकारतात. तरीही त्या जातात.

आता तपासणीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण खरी विद्या तीत आहे. प्रथम चावी फिरवून कॉईलच्या धन टर्मिनलवर वीज पोहोचते की नाही ते पाहावे. वायरीचा दोष पुष्कळदा कॉईलच्या माथी मारला जातो. मग चावी बंद करून वायरी सोडवाव्यात, मल्टिमीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून जो आकडा दिसेल तो लक्षात ठेवावा, आणि प्रायमरी, म्हणजे जाड तारेचे वेटोळे, मोजल्यावर त्यातून तो वजा करावा. कारण जिथे अवघे एक ते तीन ओहम मोजायचे, तिथे सुयांचा अर्धा ओहमही न्याय बिघडवतो. सेकंडरीचे, म्हणजे बारीक तारेच्या वेटोळ्याचे, माप हजारो ओहमांत येते. दोन्ही आकडे त्या गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. परंतु मीटरची लहानशी बॅटरी आतले जीर्ण इन्शुलेशन उघडे पाडू शकत नाही. थंडपणी निर्दोष मोजलेली कॉईल तापल्यावर दगा देते, ती यामुळे. म्हणून गाडी बंद पडताच, ती गरम असतानाच, स्पार्क टेस्टर लावून ठिणगी निळी व खणखणीत पडते की पिवळट व क्षीण, हे पाहणे अवश्य आहे. हाय टेन्शन वायर हातात धरून ठिणगी पाहण्याची जुनी खोड जिवावर बेतू शकते. रात्री दिवे मालवून इंजिन सुरू ठेवले, तर तडकलेल्या कॉईलच्या तोंडाभोवती निळसर रेघा सरपटताना डोळ्यांना दिसतात. ते दृश्य एकदा पाहिलेल्या माणसाला कॉईलचा तडा म्हणजे काय ते निराळे शिकवावे लागत नाही.

बदलताना नवी कॉईल केवळ आकाराने जुळून भागत नाही. प्रवाह आवरणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरसह चालणारी कमी ओहमांची कॉईल रेझिस्टर नसलेल्या गाडीत बसविली, तर प्रवाह वाढून पॉइंट जळतात किंवा पॉइंटच्या जागी असलेला इग्नायटर निकामी होतो. धन-ऋण वायरी उलटल्या, तर ठिणगी पडते, पण अशक्त. नीट न तपासता बदलण्याच्या घाईपायी चांगल्या कॉईली भंगारात जातात, ही मला फार खेदाची गोष्ट वाटते.

तेव्हा अशी गाडी ज्यांच्या दारात उभी आहे त्यांना एवढीच विनंती, की ती सुरळीत चालत असतानाच तिच्या कॉईलचे दोन्ही आकडे मोजावेत आणि तारखेसह कागदावर लिहून गाडीतच ठेवावेत.